दाराकडे तोंड केलेले बूट

१६ मार्च, रविवार

ही वही चिहारूनं दिली. चिहारू म्हणजे माझी सून, वरदची बायको, मुक्काम कानाझावा, जपान. नोव्हेंबरात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, बक्षीस समारंभ असावा तशी ही माझ्या हातात दिली. म्हणाली, जपानमध्ये जे दिसेल ते यात लिहा. मी काही लिहिलं नाही. कागद इतका गुळगुळीत की नंदाला त्यावर वाणसामानाची यादी लिहायचाही धीर झाला नाही, त्यामुळे चार महिने कोरी पडून होती.

आज उघडली ती पुरुषोत्तमरावांमुळे. हे आमच्या इथल्या, लंडनच्या हाउन्सलोतल्या मराठी मंडळाचे तहहयात सेक्रेटरी. सकाळी फोन. "मुरलीधरपंत, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला तुमचं व्याख्यान ठेवलंय. मी पाहिलेला जपान. चाळीस मिनिटं, मग सामोसे." ठेवू का नाही, ठेवलंय. मी एकतीस वर्षं हीथ्रोला कार्गोत शिफ्ट सुपरवायझर होतो. जगातल्या सगळ्या देशांची खोकी पाहिली, देश एक पाहिला, तोही बारा दिवस. मंडळाच्या हिशेबानं तेवढ्यात माणूस तज्ज्ञ होतो.

दुसरी बातमी. वरदची ईमेल आली. नंदाला आली, मी कॉपीत. सतरा मेला दोघं लंडनला येताहेत, चिहारूची कसलीशी कॉन्फरन्स आहे, पाच दिवस. बाथ रोडवर हॉटेल बुक केलंय. बाथ रोड! आमच्या दारापासून बसनं वीस मिनिटं. फ्लाइट चुकलेले लोक उतरतात तिथं माझा पोटचा मुलगा उतरणार.

नंदा म्हणाली, "त्यांना घरी तुम्ही आणायचं. बिघडवलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही."

मी म्हटलं, मी काय बिघडवलं? ती उठून पोळ्या करायला गेली. पोळ्या आज जरा जाड होत्या.

२२ मार्च, शनिवार

व्याख्यानाचे मुद्दे काढायला बसलो.

मुद्दा एक, ट्रेन. जपानात ट्रेन एक मिनिट उशिरा आली तर माफी मागतात. आमच्या पिकॅडिली लाइनला ही पद्धत लावली तर ड्रायव्हरला गाडी चालवायला वेळच उरणार नाही. डब्यात कोणी बोलत नाही. नंदाला मी खिडकीतून डोंगर दाखवला, "अगं ते बघ," एवढंच म्हटलं, तर अख्खा डबा खाली बघायला लागला. वरदनं माझ्या दंडाला हात लावला. "बाबा, हळू." बापाला हळू म्हणायला पोरगं सहा हजार मैलांवर जाऊन शिकलं.

मुद्दा दोन, कचरा. रस्त्यात एक कचरापेटी नाही आणि एक कपटाही नाही. केळ्याचं साल मी सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत कोटाच्या खिशात वागवलं. कोट ड्रायक्लीनला दिला तरी वास आहे.

मुद्दा तीन, संडास. सीट गरम, शेजारी बटणं, बटणांवर चित्रं, चित्रांवरून काहीही कळत नाही. मी फ्लश समजून एक दाबलं. पुढचं व्याख्यानात सांगता येणार नाही, कार्यक्रमाला बायका असतात.

आणि चपला. घरात शिरताना बूट काढा. इथपर्यंत ठीक, आपणही काढतो. मग घरातल्या सपाता घाला. चटईच्या खोलीत जाताना त्याही काढा. संडासात जायच्या सपाता निराळ्या. त्या घालून मी एकदा जेवायच्या खोलीत आलो, तर चिहारूनं तोंडावर हात धरला आणि वरद "बाबा!" असा ओरडला, जणू मी हातात वस्तरा घेऊन आलोय.

बूट या विषयावर आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. घड्याळ एक तास पुढं, त्यामुळे मुहूर्त कुठला धरायचा यावर नंदाचा फोन कस्तुरीवहिनींशी पाऊण तास चालला. कस्तुरीवहिनी म्हणजे पुरुषोत्तमरावांचं कुटुंब. तोवर मुहूर्त टळला. मागच्या गार्डनमध्ये गुढी उभी केली. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, टीव्हीचा नवीन एरियल का? मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार.

वरदचा व्हिडिओ कॉल आला. नंदा बोलत होती, मी पाण्याच्या तांब्यासकट मागून गेलो. सहज गेलो, तिथूनच रस्ता आहे. चिहारूनं मला बघितलं आणि फोनमध्येच वाकली. मीही जरा वाकलो. तांब्यातलं पाणी नंदाच्या साडीवर सांडलं.

वरद म्हणाला, "बाबा, पाठ कशी आहे?"

"बरी आहे."

"ओके, गुड," म्हणाला आणि आईला विचारायला लागला पुरणपोळीची रेसिपी. बास. एवढंच संभाषण. घरी उतरा असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं, पण वरून विमान गेलं, आणि आमच्या भागात विमान जाताना कोणी बोलत नाही.

६ एप्रिल, रविवार

नंदा मंदिरात गेली आहे. लिहून टाकतो, नाहीतर हे पोटात राहून पित्त होतं.

मी नंदाला घेऊन वरदच्या घरून चार दिवस आधी निघालो, टोकियोत हॉटेलात राहिलो. सगळ्यांना सांगितलं, जमिनीवरच्या गादीनं पाठ धरली. नंदा चिडली, वरदनं डोळे फिरवले, पण निघालो. पाठीला काही झालेलं नव्हतं. माझी पाठ घोड्यासारखी आहे, गुडघा उजवा तेवढा बोंब मारतो.

खरं कारण असं. पहिल्या दिवशी आम्ही गेलो, दारात बूट काढले, आत गेलो. चहा झाला. सहज मागं वळून बघतो तर चिहारू खाली बसून माझे बूट उचलते आहे. उचलून तिनं ते उलटे फिरवले. टोकं दाराकडे, टाचा घराकडे. नीट जोडून, पायरीच्या कडेला. म्हणजे काय? म्हणजे या, बसा, चहा घ्या आणि सरळ चालू लागा.

मी म्हटलं, असेल योगायोग. दुसऱ्या दिवशी देऊळ बघून आलो, बूट काढले, मुद्दाम आत तोंड करून ठेवले. दहा मिनिटांनी बघतो तर पुन्हा दाराकडे! तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, रोज. नंदाचेही फिरवायची, पण नंदाला कुठं काय दिसतं, ती तिथं लोणच्याच्या बरण्या बघत होती. पाचव्या दिवशी दाराशी एक बुटकं स्टूल आलं. वर शूहॉर्न, बुटात टाच सरकवायची पट्टी. म्हाताऱ्याला बूट चढवायला वेळ लागतो, म्हणून सोय. निघायला उशीर नको.

आणि अंघोळ! त्यांच्याकडे एका टबात पाणी भरतात आणि सगळे त्यातच पाळीनं बसतात. रोज पहिला नंबर मला. घरात सगळ्यात मळका मीच दिसलो बहुतेक.

जेवताना मात्र हसून वाढायची. वांग्याचं भरीत करून बघितलं तिनं माझ्यासाठी, व्हिडिओ बघून. वरद म्हणाला, तीन वेळा केलं तेव्हा हे जमलंय. तेही कच्चंच होतं. मी संपवलं, ताटात टाकायची सवय नाही म्हणून.

आम्ही निघालो त्या सकाळी पाऊस होता. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत चिहारू रस्त्यात उभी, छत्री नाही, वाकलेली. खात्री करून घेत असेल, नक्की गेले ना.

मी वरदला काय सांगणार होतो? तुझी बायको मला हाकलते आहे? सांगितलं असतं तर त्याला माझ्यात आणि तिच्यात निवडावं लागलं असतं, आणि तो कोणाला निवडेल हे मला माहीत आहे. त्यापेक्षा पाठ बरी.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. सगळं बंद. दह्याचे डबे धुऊन, पुसून, झाकणं वेगळी करून रिसायकलिंगमध्ये टाकले. नंदा बघत होती. म्हणाली, "कौन्सिलनं सांगितलं का धुवायला?" मी म्हटलं, वास येतो. "तीस वर्षं नाही आला तो?" बायकोला स्मरणशक्ती जरा कमी हवी.

सत्तावीस दिवस राहिले. नंदानं वरची खोली झाडली, पडदे धुतले, नवी गादी आणली. मला फक्त गादी जिन्यावरून चढवायला बोलावलं. गादी जमिनीवर टाकून झोपायची नाही, पलंगावरची आहे, तेव्हा पाठीला त्रास नाही व्हायचा कोणाच्या, असं म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

४ मे, रविवार

व्याख्यान झालं. जे झालं ते असं.

कम्युनिटी सेंटरचा हॉल. आमच्या आधी बॅडमिंटन, त्यामुळे माझ्या डोक्यावर नेट. तीसेक माणसं. पुरुषोत्तमरावांनी परिचय करून दिला, त्यात माझा आणि कोणा चित्रकाराचा परिचय एकत्र झाला असावा, कारण मी जलरंगात काम करतो हे मलाही नवीन होतं. एवढं बोलून ते केअरटेकरशी हॉलच्या वेळेवरून भांडायला बाहेर गेले.

ट्रेन रंगली. कचरा रंगला, सालाला टाळी पडली. संडास मी मोघम सांगितला तरी बायकाच जास्त हसल्या. मग मला चेव आला. म्हटलं, आता गमतीची गोष्ट सांगतो, माझ्या एका मित्राची. हा मित्र सुनेकडे गेला. आणि बुटांचं सगळं सांगितलं. स्टूल, शूहॉर्न, अंघोळ, पावसातलं वाकणं. शेवटी म्हटलं, "अशी ही जपानी सभ्यता. तोंडानं या म्हणते आणि बुटांना जा म्हणते!"

हॉल हसला. नंदा पहिल्या रांगेत होती. ती नाही हसली. ती माझ्या पायांकडे बघत होती.

मागून हात वर आला. ईशिता, लेस्टरची, दातांची डॉक्टर आहे, दोन वर्षं जपानात शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचं मराठी इथंच जन्मलेल्या मुलांचं असतं तसं आहे. "काका, सॉरी हं, पण तुमच्या फ्रेंडनी राँग समजला. ती बूट फिरवणं म्हणजे खूप रिस्पेक्ट आहे. गेस्ट जाताना त्याला वळायला लागू नये, डायरेक्ट पाय घालता यावा, म्हणून होस्ट स्वतः खाली बसून करतो. आणि बाथचा पहिला पाणी पण गेस्टला देतात, कारण तो सगळ्यात क्लीन असतो. आणि तो दिसेनासा होईपर्यंत बाहेर उभी राहतात. माझी होस्ट मदर रडायची पण."

मी म्हटलं, "स्टूल?"

"तुमच्या फ्रेंडचा गुडघा दुखतो का?"

हॉलमध्ये माझा गुडघा सगळ्यांना माहीत आहे. जिना चढताना मी दर वेळी जाहीर करतो.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट. मी म्हटलं, जपानचं लोकजीवन असं विविधतेनं नटलेलं आहे, आणि खाली बसलो. सव्वीस मिनिटांतच संपलं. पुरुषोत्तमराव आत आले, त्यांनी आभार मानले, "अभ्यासपूर्ण" म्हणाले, आणि सामोसे आले. मी माझा सामोसा नंदाच्या बशीत ठेवला.

बसमध्ये नंदानं पर्स मांडीवर घेतली, चेन लावली. मग म्हणाली, "मित्र."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"चार दिवस टोकियोत मी तुमची पाठ चोळली. आयोडेक्सची बाटली संपवली. देवळं सोडून चोळत बसले मी. दुखत होती का?"

"नाही."

"आणि ती पोर बिचारी मला दर फोनवर विचारते, बाबांना माझं काय आवडलं नाही. मी सांगते, अगं पाठ. ती म्हणते, गादी जाड घेतली असती." मग डोळे पुसून म्हणाली, "बूट! अहो, बूट!" आणि हसायला लागली. एवढी हसली की ड्रायव्हरनं आरशात बघितलं. मी तिला हळू म्हटलं.

५ मे, सोमवार

बँक हॉलिडे. मी विचार केला. आधी सांगायचं ना कोणीतरी! वहीबरोबर एक सूचनापत्रक दिलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांच्या भाताच्या कुकरबरोबरसुद्धा चाळीस पानी पुस्तक येतं.

दुपारी पुन्हा विचार केला. आठ दिवस ती रोज खाली बसत होती. मी वरून बघत होतो आणि मनात शिव्या देत होतो. तिला वाटलं असेल, सासरे बघताहेत, खूश आहेत.

लाज वाटते. लिहिलं एकदाचं. वहीही तिचीच.

७ मे, बुधवार

वरदला फोन केला. मी, स्वतः. त्यानं पहिलं विचारलं, "आई ठीक आहे ना?" माझा फोन म्हणजे कोणीतरी आजारी, ही माझी कमाई.

आधी हवामान झालं. मग कचऱ्याचे डबे झाले. मग म्हटलं, "वरद, पाठ दुखत नव्हती माझी."

"माहितेय बाबा. तुम्ही बॅगा स्वतः उचलल्यात टॅक्सीत."

मग बुटांचं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा कचऱ्यावर आलो असतो.

"सहा महिने," तो म्हणाला. "बाबा, सहा महिने? तिनं ते स्टूल अजून हलवलं नाहीये. आय मीन, मी रोज त्याला ठेचकाळतो. म्हणते, परत आले तर लागेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही मला विचारायचं होतं ना," तो म्हणाला. "एकदा विचारायचं."

"हो."

"मला वाटलं तुम्हाला ती जपानी आहे म्हणून... जाऊ दे."

"ते नाही रे. ते कधीच नव्हतं. मला वाटलं तिलाच मी नको."

मी म्हटलं, "घरी उतरा." तो म्हणाला, "तिला विचारतो. मी तिच्यावर फोर्स नाही करणार. पहिल्या दिवशी चहाला येऊ, मग बघू." चहाला. बापाकडे चहाला. पण त्याचा हक्क आहे.

११ मे, रविवार

रंगीत तालीम केली. पुरुषोत्तमराव आणि कस्तुरीवहिनी व्याख्यानाचा नारळ आणि शाल द्यायला आले. ते आत बसले तसा मी दाराशी गेलो, गुडघा धरून खाली बसलो, आणि दोघांचे बूट दाराकडे फिरवून ठेवले. उठायला रेडिएटरचा आधार घ्यावा लागला. पाणी घेऊन आलो तर पुरुषोत्तमराव पॅसेजमध्ये उभे, बुटांकडे टक लावून.

"निघायचं का आम्ही?"

"अहो, ही जपानी पद्धत. मी व्याख्यानात सांगितलं की."

"मी व्याख्यानाचं आयोजन करत होतो, मुरलीधरपंत. ऐकायला वेळ कुठला!" आणि बूट घालून चालू लागले. शाल दिली, नारळ तसाच पिशवीतून परत गेला. कस्तुरीवहिनी मात्र जाताना म्हणाल्या, बूट चढवायला फार सोपे पडले हो.

मंडळात आता माझं पुढचं व्याख्यान होणार नाही. काहीतरी फायदा झाला.

१७ मे, शनिवार

सकाळपासून पॅसेज तीन वेळा पुसला. नंदानं गॅरेजमधून वरदचं लहानपणचं लाल स्टूल काढलं, मी ते दाराशी ठेवलं, मग काढलं, मग ठेवलं.

चार वाजता आले. मोठ्या बॅगा नाहीत, खांद्याला एकेक पिशवी. मी ते पहिलं बघितलं. नंदानंही. ती औक्षणाचं ताट आणायला गेली. चिहारू बारीक झाली आहे. दारातच वाकली, मी वाकलो, ती आणखी वाकली, मी आणखी, शेवटी वरद म्हणाला, "बाबा, गुडघा."

सगळे आत गेले. मी मागं राहिलो. दारात तिचे बूट, पांढरे, कॅनव्हासचे, शाळेतल्या मुलीसारखे. शेजारी वरदचे, एक इकडे एक तिकडे, तीस वर्षांत फरक नाही. खाली बसलो. तिचे उचलले, टोकं दाराकडे केली, जोडून ठेवले. वरदचे तसेच राहू दिले. तो घरचा आहे, त्याला कसली सोय.

उठता येईना. रेडिएटर धरला तरी नाही. तेवढ्यात एक हात आला काखेखाली. चिहारू होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. मी इंग्रजीत म्हटलं, "आय वॉज व्हेरी स्टुपिड." एकतीस वर्षं हीथ्रोवर इंग्रजी बोललो, हे वाक्य कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "नो, नो, बाबा," आणि मला धरून लाल स्टुलावर बसवलं. उत्तम उंचीचं आहे ते.

चहा झाला. भरीत नंदानं केलं होतं, चिहारूनं दोनदा घेतलं आणि वरदला काहीतरी विचारलं. वरद म्हणाला, "ती विचारते, तिचं कच्चं होतं का?" मी म्हटलं, हो. सगळे हसले, तीसुद्धा. मग मी म्हटलं, पण मी सगळं खाल्लं, हे सांग तिला.

सात वाजले. हॉटेलचं कोणी काढलं नाही. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि नंदाचा धीर सुटत चालला होता, ती तिसऱ्यांदा चहा हवा का विचारत होती. चिहारू बाथरूमला म्हणून उठली आणि पॅसेजमधून गेली. ती परत आल्यावर मी दिवा लावायचं निमित्त करून तिकडे गेलो.

तिचे बूट फिरलेले होते. टोकं घराकडे, टाचा दाराकडे. आणि वरदचे दोन उचलून शेजारी तसेच, आत तोंड करून लावलेले.

मी दोनदा बघितलं. मागं एकदा बूट बघून चुकलो आहे. आत आलो तर वरद जॅकेट चढवत होता. म्हणाला, "बाबा, बस किती वाजता आहे? हॉटेलमधून बॅगा घेऊन येतो."

नंदाला म्हटलं, वरच्या गादीला नवीन चादर घाल.